'जाऊ दे'चे भांडवल

'ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे' हे वाक्य मी आजवर निदान तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत लिहिले आहे आणि त्याचे गुणही घेतले आहेत. २०२५ च्या जुलैपर्यंत मला त्यात काही खोट दिसली नव्हती. त्या महिन्यात माझ्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि हा राजा आपल्याच राज्यात दाराबाहेर किती वेळ उभा राहतो, हे मला कळले. आपली हकीकत सांगून सहानुभूती मिळवावी म्हणून मी हे लिहीत नाही. या अनुभवातून एक हिशेब माझ्या ध्यानात आला, तो वाणिज्य शाखेच्याच नव्हे तर सर्व मित्रमैत्रिणींपुढे मांडावा, एवढाच हेतू.

लॅपटॉप घेतला ऑगस्ट २०२४ मध्ये. किंमत ४६,९९० रुपये. त्यांपैकी २५,००० रुपये आईने बचत गटातून कर्जाऊ काढले, बाकीचे बाबांनी साठवलेल्या बोनसमधून दिले. बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर आहेत. आमच्या घरात याआधी एवढी महाग वस्तू एकच आली होती, ती म्हणजे बाबांची मोटारसायकल, आणि तीही जुनी. आईने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले. मी त्यावर टॅली शिकलो आणि शहापुरातले एक साड्यांचे, खडे बाजारातले एक हार्डवेअरचे व एक स्टेशनरीचे अशा तीन दुकानांची बिले चढवण्याचे काम मिळवले. तिन्ही मिळून महिना ४,५०० रुपये. आईच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच जाई. तेव्हा हे यंत्र आमच्याकडे चैनीची वस्तू म्हणून आले नव्हते. आमच्या शास्त्राच्या भाषेत ती भांडवली मालमत्ता होती.

जुलैच्या ९ तारखेला रात्री ही मालमत्ता गप्प झाली. कळ दाबावी तर दिवाही लागेना. हमीची मुदत एक वर्षाची, म्हणजे अजून महिनाभर शिल्लक होती. मी निश्चिंत मनाने कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला.

तेथे प्रथम यंत्र बोलते. 'इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा.' वाचकहो, मराठी की कन्नड या प्रश्नावर आपल्या बेळगावात पिढ्यान् पिढ्या खर्ची पडल्या. त्या यंत्राने तो वाद एका क्षणात मिटवला : दोन्ही नाहीत! मग संगीत सुरू झाले. चाळीस मिनिटे मी ते ऐकले. नंतर एक बाई बोलल्या, त्यांनी यंत्राचा क्रमांक विचारला, यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहिले का असे विचारले आणि एक तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा निराळे गृहस्थ होते. त्यांनीही यंत्राचा क्रमांक विचारला आणि बंद करून पुन्हा चालू केले का, हेही विचारले. अकरा दिवसांत मी नऊ माणसांशी बोललो. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळे सांगितले. कीर्तनकारालाही रोज नवे आख्यान असते. मला एकच होते.

कंपनीचे गावातले अधिकृत सेवा केंद्र म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली. १२ तारखेला मी तेथे लॅपटॉप नेला. "इथं उघडत नाहीत, बेंगळुरूला जातो. सात कामाचे दिवस," असे काउंटरवरचा मुलगा म्हणाला. त्याने दोन पानांचा इंग्रजी छापील कागद पुढे केला आणि एका फुलीवर बोट ठेवले. मी सही केली. वाचले का? नाही. मागे चार माणसे उभी होती, अक्षर मुंगीएवढे होते आणि खरे सांगायचे तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला भर काउंटरवर इंग्रजी कागद सावकाश वाचत उभे राहायची लाज वाटते. आपल्याला समजत नाही असे दिसू नये म्हणून आपण न समजताच सही करतो.

इकडे तारखा कोणासाठी थांबत नाहीत. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावे लागते. माझी सारी नोंद त्या मिटलेल्या यंत्रात. या अंकाच्या कन्नड विभागात ज्याची कविता आहे, त्या माझ्या मित्राने आपला संगणक दिला आणि आम्ही दोघांनी तीन रात्री बसून महिन्याभराची बिले कागदांवरून पुन्हा चढवली. दोन दुकानांचे वेळेत झाले. हार्डवेअरच्या दुकानाला चार दिवस उशीर झाला. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे २०० रुपये विलंब शुल्क पडले, ते मी दिले. दुकानदार काही बोलले नाहीत; पण पुढल्या महिन्यापासून आपले काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले. ४,५०० चे ३,००० झाले.

सात कामाचे दिवस गेले, दहा गेले. २८ जुलैला मोबाइलवर संदेश आला. इंग्रजीतच होता. 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज', म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान. द्रवपदार्थ आत गेला आहे, सबब हमी लागू नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च २७,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ४,८६०, एकूण ३१,८६० रुपये. दुरुस्ती नको असल्यास तपासणीचे ५९० रुपये भरून यंत्र घेऊन जावे.

आमच्या घरात त्या लॅपटॉपजवळ पाण्याचा तांब्या ठेवायलाही आईने बंदी केली होती. मी फोन केला. या वेळी नशिबाने बोलणाऱ्या बाईंच्या हिंदीतून मला कन्नड हेल ऐकू आला. मी कन्नडमध्ये बोलू लागलो, आणि काय आश्चर्य! त्या यंत्राची एकदम बाई झाली. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आईच्या बंदीवर हसल्याही. मग हळूच म्हणाल्या, "एन माडोदु सर, सिस्टीम बिडल्ला." काय करणार, सिस्टीम सोडत नाही! वरिष्ठांशी बोलायचे असेल तर जोडून देते म्हणाल्या. वरिष्ठ आले. ते अस्खलित इंग्रजीत दोन मिनिटे बोलले. पाणी कोठे दिसले, त्याचा फोटो आहे का, हा निर्णय कोणी दिला, हे तीन प्रश्न मी वहीत इंग्रजीत लिहून समोर ठेवले होते. त्यांनी शेवटी विचारले, आणखी काही मदत करू का? मी म्हणालो, "नो सर. थँक यू."

ज्याने एकवीस दिवस मला झुलवले, एकतीस हजार मागितले आणि न केलेला दोष माझ्या माथी मारला, त्याचे मी आभार मानले! लॅपटॉप बिघडल्याचे दुःख एवढे नव्हते. त्या 'थँक यू'ची बोच मात्र अजून जात नाही.

५९० रुपये भरून ४ ऑगस्टला यंत्र परत आणले. पाठीमागच्या नऊ स्क्रूंपैकी दोन गायब होते. बाबांच्या ओळखीचे एक मामा गल्लीच्या तोंडाशी दुकान घालून बसतात. पूर्वी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत, आता मोबाइल-लॅपटॉप करतात. त्यांनी यंत्र उघडले, भिंग लावले, मल्टिमीटरची टोके इकडेतिकडे टेकवली. "पाण्याचा डाग कुठं आहे दाखीव बघू मला, तम्मा," असे म्हणत त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. मला डाग दिसला नाही. १९ व्होल्टची वीज आत येते त्या वाटेवरचा एक कपॅसिटर शॉर्ट झाला होता. तांदळाच्या कणीएवढा. तो काढून दुसरा बसवला, दोन स्क्रू आपल्या डबीतले लावले. यंत्र सुरू झाले, आतली सारी नोंद जागच्या जागी होती. मजुरीसह १,४०० रुपये. पावतीवर त्यांनी 'तीन महिने' असे लिहून खाली सही केली आणि म्हणाले, "परत बिघडला तर घेऊन ये की. मी कुठं जातोय?"

तेव्हापासून मी विचार करतो आहे. एकीकडे दोन पाने छापील हमी, दुसरीकडे 'मी कुठं जातोय' हे एक वाक्य. यांतली खरी हमी कोणती?

१९३० च्या वस्तुविक्री कायद्यात 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' असा भेद केलेला आहे, तो आम्ही पाठ करतो. कंडिशन म्हणजे कराराच्या गाभ्यातली अट; ती मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी ही गाभ्याबाहेरची. ती मोडली तर भरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. पुस्तकात हे ठीक वाटते. पण भरपाई मागायची कोणाकडे? ज्याने माझ्या यंत्रात पाणी पाहिले त्या माणसाचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते. बाबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. माल परत आला की कुठल्या दिवशी, कुणाच्या पाळीत ओतला ते कळतं." लोखंडाच्या तुकड्यालाही जन्मदात्याचा पत्ता असतो. माझ्यावरचा आरोप मात्र निनावी होता.

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॅपटॉपवर चहा सांडून 'आपोआप बंद पडला' असे सांगणारे ग्राहक असतात. आपल्याच वसतिगृहात असे वीर मला माहीत आहेत. एकेक कपॅसिटर शोधत बसण्यापेक्षा सबंध मदरबोर्ड बदलणे कंपनीला सोपे पडते, कारण भिंग घेऊन बसणारा कसबी माणूस प्रत्येक गावी मिळत नाही. फोनवरच्या मुलामुलींचा तर यात काहीच दोष नाही. त्यांच्या हाती निर्णय नाही, फक्त आवाज आहे. आणि माझ्याही चुका थोड्या नाहीत. मी कागद वाचला नाही, यंत्र देताना त्याचे फोटो काढले नाहीत, नोंदीची दुसरी प्रत ठेवली नाही. हे सर्व मान्य. परंतु ज्याने दोष लावला त्याने तो दाखवला पाहिजे, एवढी साधी गोष्टही मान्य होणार नसेल तर मग व्यवहार तरी कशाला म्हणायचे?

बाबा पुढे म्हणाले, "चालू झाला ना? मग जाऊ दे रे. मोठ्या लोकांशी भांडून आपल्याला काय मिळणार?"

'जाऊ दे' हा आपल्या घराघरातला मंत्र आहे. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त घेतले, जाऊ दे. गॅसची टाकी हलकी लागली, जाऊ दे. कन्नड मित्राच्या घरीही हेच, 'होगली बिडु' म्हणतात. या एका बाबतीत सीमाप्रश्न कधी उद्भवलाच नाही! पण वाणिज्याच्या नजरेने पाहा. समजा, शंभर ग्राहकांवर खोटा दोष लावला आणि नव्वदांनी 'जाऊ दे' म्हटले, तर उरलेल्या दहांना भरपाई देऊनही कंपनी फायद्यातच राहते. म्हणजे आपले 'जाऊ दे' हे तिचे भांडवल झाले. ते ताळेबंदात कोठेही दिसत नाही, त्यावर व्याज द्यावे लागत नाही, आणि ते पुरवतो आपण, तेही हप्त्याने घेतलेल्या वस्तूंच्या खरेदीदारांनी!

म्हणून मी जाऊ द्यायचे नाही असे ठरवले. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तेथे सतरा भाषांत तक्रार घेतात, त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. महिन्याभरात प्रथमच मी माझ्या भाषेत, न अडखळता, वहीतले तीनही प्रश्न विचारले. तक्रार कंपनीकडे गेली. मग आमच्या सरांकडून तपासून घेतलेले एक पत्र मी स्पीड पोस्टाने कंपनीला पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. दोष मान्य नाही. तथापि 'गुडविल'पोटी तपासणीचे ५९० रुपये परत करत आहोत. गुडविल! लेखाशास्त्रात याला आम्ही 'ख्याती' म्हणतो, आणि तिचे मूल्यांकन कसे करावे यावर परीक्षेत हमखास प्रश्न असतो. या कंपनीने आपल्या ख्यातीचे मूल्यांकन स्वतःच करून कळवले : ५९० रुपये फक्त.

फोटो अजून आलेला नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज मी तयार केला आहे. हे काम वाटते तितके अवघड नाही, हे मुद्दाम सांगतो. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. तो कायदा काही आकाशातून पडला नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली. अशा चळवळींनी आधी वाट तयार केली होती. पुढे २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याने एक मोठी सोय केली. कंपनीचे कार्यालय कोठेही असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे बेंगळुरूला खेटे घालायचे कारण नाही. बेळगावातच आयोग आहे.

पण प्रत्येकाने आयोगाकडे धावावे, हा काही उपाय नव्हे. दुरुस्ती हा वस्तूच्या किमतीचाच भाग आहे, तो उपकार नाही, हे आधी मान्य व्हायला हवे. केंद्र शासनाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले, ते या दिशेचे पाऊल आहे. फ्रान्समध्ये २०२१ साली असा नियम आला की लॅपटॉप विकताना तो दुरुस्तीला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण दाखवले पाहिजेत. आपण विद्यार्थी आयुष्यभर गुण मिळवतो. एकदा वस्तूंनाही परीक्षेला बसवायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. सेवा केंद्रात सही घ्यायचा कागद त्या भागातल्या लोकांच्या भाषेत असावा. आपल्याकडे कन्नड आणि मराठी, दोन्हींत. हमी नाकारायची तर फोटोसह लेखी कारण द्यावे आणि ते देणाऱ्याचे नाव खाली असावे. सुट्या भागांचे दर केंद्राच्या भिंतीवर लावावेत. आणि आमच्या मामांसारख्या गल्लीतल्या कारागिराला सुटे भाग विकत मिळावेत. भीक म्हणून नव्हे, बाजारभावाने.

आणि एक सूचना आपल्या महाविद्यालयासाठी. आमच्या वाणिज्य मंडळाने आठवड्यातून एक तास, ग्रंथालयाशेजारच्या खोलीत, ग्राहकांची पत्रे लिहून देण्यास सुरुवात करावी. कन्नड विभागाच्या मित्रांनी कन्नडमध्ये, आम्ही मराठीत. कायदा आम्हाला शिकवला जातो, अर्ज लिहायला मात्र कोणी शिकवत नाही. कोणाच्या आईचा मिक्सर असेल, कोणाच्या आजोबांचे कानाचे यंत्र असेल. या निमित्ताने इंग्रजी कागद सर्वांसमोर सावकाश वाचायची आपली लाजही जाईल.

आई परवा म्हणाली, "दुरुस्त झाला ना, मग आता एवढं काय लिहीत बसलास त्यावर?" मी तिला म्हणालो, यंत्र १,४०० रुपयांत दुरुस्त झाले, माझे ते 'थँक यू' अजून दुरुस्त व्हायचे आहे. आयोगाकडचा अर्ज मी मराठीत लिहिला आहे, मित्राने त्याचे कन्नड केले आहे. सोमवारी आम्ही दोघे तो घेऊन जाणार आहोत.

— बी. कॉम., तृतीय वर्ष